देवाचे पूर्वज्ञान आणि मनुष्याचे स्वातंत्र्य

शेवटल्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने आपल्या विश्वासघाताविषयी जे उद्गार काढले, त्यांत दोन विधाने शेजारी शेजारी उभी आहेत (मत्तय २६:२४). मनुष्याच्या पुत्राविषयी शास्त्रात जसे लिहिले आहे तसा तो जात आहे, हे पहिले. ज्या माणसाच्या हातून तो धरून दिला जात आहे त्याची दशा भयंकर आहे, हे दुसरे. पहिल्या विधानात देवाचा संकल्प व देवाचे ज्ञान आहे; दुसऱ्यात माणसाची जबाबदारी आहे. या दोहोंच्या मध्ये प्रभूने स्पष्टीकरणाचा एक शब्दही घातलेला नाही. विचार करणारा वाचक मात्र तेथे अडखळतो. जे घडणार हे आधीच लिहिलेले होते, ते करणाऱ्याला दोष कसा द्यावा? आणि दोष खरा असेल, तर त्याला निराळे वागणे शक्य होते असे म्हणावे लागेल. मग जे लिहिले होते ते खोटे ठरण्याचीही शक्यता होती काय?

हा पेच थोडक्यात असा मांडता येतो. देव सर्वज्ञ आहे. मी उद्या सकाळी काय करणार हे त्याला जगाच्या स्थापनेपूर्वीपासून ठाऊक आहे आणि त्याचे ज्ञान चुकू शकत नाही. जे होऊन गेले ते बदलणे माझ्या हाती नाही. म्हणजे त्याला पूर्वी जे ठाऊक होते तेही बदलणे माझ्या हाती नाही. मग उद्या सकाळी त्याहून निराळे काही करणे माझ्या हाती उरते काय? उरत नसेल, तर माझ्या पापाचा जाब मला विचारणे न्यायाचे आहे काय? यांतील प्रत्येक पायरी सुटी पाहिली तर आपण ती मान्य करतो. परंतु शेवटी ज्या ठिकाणी येऊन पोहोचतो, तेथे पश्चात्ताप, उपदेश, प्रार्थना व न्याय या साऱ्यांचाच पाया उखडलेला दिसतो.

हा प्रश्न ईश्वरविज्ञानाच्या वर्गापुरता नाही. दारू न सुटणारा मनुष्य म्हणतो, "देवाने मला असाच घडवला." आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई विचारते, "व्हायचे ते ठरलेलेच असेल, तर प्रार्थना कशाला करायची?" आणि दुःखाच्या घरी सांत्वनाला गेलेले आपण, दुसरे शब्द सुचत नाहीत म्हणून, "त्याची वेळ आली होती" असे म्हणून उठतो. या तिन्ही ठिकाणी नकळत ईश्वरविज्ञानच बोलले जाते. ते शास्त्राला धरून आहे की नाही हे तपासून पाहणे आपले कर्तव्य आहे.

आपल्या भाषेतील जुने ओझे

शास्त्राचे भाषांतर करणाऱ्यापुढे येथे एक विशेष अडचण उभी राहते. 'पूर्वज्ञान', 'पूर्वनियोजन', 'पूर्वी नेमणे' हे शब्द आपल्या मंडळ्यांत रूढ आहेत. परंतु कोणताही शब्द वाचकाच्या मनात एकटा शिरत नाही. त्याचे शेजारीही त्याच्याबरोबर येतात. मराठीत या शब्दांचे शेजारी कोण? नशीब, दैव, प्रारब्ध, विधिलिखित, ललाटलेख. मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, ही समजूत पिढ्यान्पिढ्या आपल्या घरांतून नांदली. बाप्तिस्मा घेतला म्हणून भाषेची सवय एका दिवसात जात नाही. त्यामुळे देवाने 'पूर्वी नेमले' असे वाचताच कित्येक विश्वासणाऱ्यांच्या मनापुढे कपाळावरचा लेखच येतो; फक्त लिहिणारा हात बदललेला असतो.

या दोन कल्पनांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. कपाळावरचा लेख माणसाशी बोलत नाही. तो सावध करीत नाही, वाट पाहत नाही, रडत नाही. शास्त्रातला देव मात्र ज्याच्याविषयी त्याला ठाऊक आहे त्याच्याशीच बोलतो. काइनाचा मत्सर त्याला ठाऊक आहे, म्हणून तो काइनाला खुनापूर्वी इशारा देतो (उत्पत्ती ४:६-७). यरुशलेमेचा नकार प्रभूला ठाऊक आहे, म्हणून तो त्या नगरीकडे पाहून रडतो (लूक १९:४१). पूर्वज्ञान म्हणजे विधिलिखित असते, तर इशारा आणि अश्रू ही दोन्ही निव्वळ सोंगे ठरली असती.

दैववादाची थट्टाही आपल्या लोकांनी केलेली आहे, हे येथे विसरू नये. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण श्रद्धेसाठी वापरीत नाहीत. हातपाय न हलवणाऱ्याला टोमणा म्हणून वापरतात. प्राचीन ग्रीकांतही असाच एक युक्तिवाद चर्चेत होता आणि त्यांनी त्याला 'आळशी युक्तिवाद' असे नाव दिले होते. तुम्ही बरे व्हायचे ठरलेले असेल तर वैद्य बोलावला काय नि न बोलावला काय, तुम्ही बरे होणारच. बरे न व्हायचे ठरले असेल तर वैद्याचा उपयोग नाही. सबब वैद्य बोलावू नये, असा तो होता. तिसऱ्या शतकातील मंडळीचा आचार्य ओरिगेन याने केल्सस या टीकाकाराला उत्तर देताना या युक्तिवादाचा समाचार घेतला आहे. वैद्याकडे जाणे हीदेखील भविष्यातलीच एक घटना आहे. ती वगळून परिणाम तेवढा 'ठरलेला' कसा म्हणता येईल? यहूदाविषयी त्याने आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली. भाकीत हे घटनेचे कारण नव्हे. घटना घडणार होती म्हणून भाकीत झाले.

मूळ शब्द काय सांगतात

नव्या करारात पूर्वज्ञानासाठी 'प्रोगिनोस्को' हे क्रियापद पाच ठिकाणी आणि 'प्रोग्नोसिस' हे नाम दोन ठिकाणी येते. या सातांपैकी दोन ठिकाणी 'आधी जाणणारा' देव नसून मनुष्य आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. अग्रिप्पा राजापुढे बोलताना पौल म्हणतो की, यहूदी लोक मला पूर्वीपासून ओळखतात (प्रेषितांची कृत्ये २६:५). पेत्राच्या दुसऱ्या पत्रात वाचकांना सांगितले आहे की, तुम्हाला या गोष्टी आधीच कळलेल्या आहेत, म्हणून जपून राहा (२ पेत्र ३:१७). या दुसऱ्या ठिकाणचा तर्क मोठा बोधक आहे. आधी कळले आहे, तेव्हा आता काही करण्यात अर्थ नाही, असे प्रेषित म्हणत नाही. आधी कळणे हेच त्याच्या लेखी जागे राहण्याचे कारण आहे.

देवाविषयी हा शब्द येतो तेव्हा त्याच्यामागे इब्री भाषेतील 'यादा' हे क्रियापद उभे असते. 'यादा' म्हणजे जाणणे. परंतु ते नुसती माहिती असणे नव्हे. आमोस ३:२ मध्ये देव इस्राएलास म्हणतो की, पृथ्वीवरील सर्व कुळांत मी केवळ तुम्हालाच जाणले. इतर राष्ट्रांची त्याला माहिती नव्हती, असा याचा अर्थ कोणीही करणार नाही. येथे जाणणे म्हणजे आपले म्हणणे, नाते जोडणे. यिर्मयाला आईच्या उदरात घडवण्यापूर्वी देवाने जाणले (यिर्मया १:५), ते याच अर्थाने. रोमकरांस पत्राच्या ८:२९ मध्येही या क्रियापदाचे कर्म घटना नसून माणसे आहेत. देवाने काय पूर्वी जाणले असे तेथे नाही, कोणाला जाणले असे आहे. आणि त्यांना कशासाठी नेमले? त्याच्या पुत्राच्या प्रतिरूपासारखे व्हावे यासाठी. 'प्रोऑरिझो' म्हणजे आधी शीव आखणे. त्या वचनात आखलेली शीव आपल्या रोजच्या बारीकसारीक कृत्यांची नसून, देव आपल्याला कोठवर नेणार त्या मुक्कामाची आहे.

एवढ्याने सारा प्रश्न मिटला, असे म्हणणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. तोच शब्द प्रेषितांची कृत्ये ४:२८ मध्ये हेरोद व पिलात यांनी केलेल्या कृत्याविषयी, म्हणजे एका घटनेविषयी, वापरलेला आहे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्र एका दमात सांगतो की, येशू देवाच्या ठाम संकल्पाने व पूर्वज्ञानाने स्वाधीन केला गेला आणि तुम्ही त्याला वधस्तंभी खिळून मारले (प्रेषितांची कृत्ये २:२३). ऐकणाऱ्यांनी 'मग आमचा काय दोष?' असे विचारले नाही. त्यांच्या अंतःकरणाला टोचणी लागली आणि 'आम्ही काय करावे?' असे त्यांनी विचारले.

जुन्या करारात आणखी एक लहानसा प्रसंग आहे, तो वाचकांनी अवश्य वाचावा (१ शमुवेल २३:९-१३). दावीद कईला नगरात असताना त्याने देवाला दोन प्रश्न विचारले. शौल येथे चाल करून येईल काय? येथील लोक मला त्याच्या हाती देतील काय? दोहोंचे उत्तर होकारार्थी आले. ते ऐकून दावीद आपली सुमारे सहाशे माणसे घेऊन निघून गेला. शौल आला नाही आणि कईलाकरांनी कोणालाही धरून दिले नाही. मग देवाचे उत्तर चुकले काय? नाही. दावीद तेथे राहिला असता तर काय झाले असते, हेही देवाला ठाऊक होते. आणि ते ज्ञान दाविदाला मिळाले ते त्याचे पाय बांधण्यासाठी नव्हे, तर त्याला वाट मोकळी करून देण्यासाठी. निनवेला चाळीस दिवसांची मुदत मिळाली, हिज्कीयाला मरणाचा निरोप मिळाला. निनवेने पश्चात्ताप केला, हिज्कीया भिंतीकडे तोंड करून रडला, आणि नगर वाचले, राजाची पंधरा वर्षे वाढली. देव बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याने काहीतरी करावे, हे त्याच्या बोलण्यातच अभिप्रेत असते. कुंभाराच्या दृष्टान्तात यिर्मयाने तर हा नियमच सांगून ठेवला आहे (यिर्मया १८:७-१०).

पूर्वसूरींची उत्तरे

मंडळीच्या इतिहासात या प्रश्नाला जी उत्तरे दिली गेली, त्यांतील काही येथे पाहू.

सहाव्या शतकाच्या आरंभी, सुमारे इ. स. ५२४ मध्ये, बोएथियस हा विद्वान राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगात मृत्यूची वाट पाहत होता. तेथे लिहिलेल्या 'तत्त्वज्ञानाचे सांत्वन' या ग्रंथात त्याने म्हटले की, देवाच्या ज्ञानाला 'पूर्व'ज्ञान म्हणणे ही आपल्या बाजूची भाषा आहे. देव काळाच्या प्रवाहात आपल्यासारखा वाहत नाही. आपल्याला जे भूत, वर्तमान व भविष्य म्हणून तुकड्यातुकड्यांनी मिळते, ते त्याच्यापुढे एकदम उपस्थित आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने त्यासाठी वाटेचा दाखला दिला. वाटेने चालणाऱ्याला आपल्या मागून येणारे दिसत नाहीत. उंचावर उभा असणाऱ्याला सारी वाट एकाच वेळी दिसते. घाटातून गेलेल्या कोणालाही हे पटेल. वळणापलीकडची गाडी आपल्याला दिसत नाही, पण वरच्या कड्यावर उभ्या असलेल्या गुराख्याला दिसते. आणि त्याला दिसते म्हणून काही ती गाडी चालत नसते.

येथे पाहणे आणि घडवणे यांतील भेद स्पष्ट होतो. पंचांगात ग्रहणाची वेळ छापलेली असते. पंचांगामुळे ग्रहण लागत नाही. अर्थात हा दाखला अर्धाच लागू पडतो, कारण सूर्य-चंद्राला स्वातंत्र्य नाही. माणसाच्या बाबतीत मराठी भाषेनेच एक सूक्ष्म भेद आपल्या हाती ठेवला आहे. 'मी जाणार नाही' आणि 'मी जाऊ शकत नाही' ही दोन वाक्ये एक नव्हेत. मी जाणार नाही हे देवाला अचूक ठाऊक आहे. त्यावरून मी जाऊ शकत नाही, असे निष्पन्न होत नाही. 'देवाला ठाऊक असेल तर ते घडेलच' या वाक्यातला निश्चितपणा ज्ञान आणि घटना यांच्या संबंधाचा आहे. तो उचलून घटनेवर ठेवला आणि 'ते घडणे भागच आहे' असे म्हटले, की तर्क घसरतो.

यावर एक सबळ आक्षेप आहे. देव काळापलीकडे असला, तरी त्याचे भाकीत काळात येते. कोंबडा आरवण्यापूर्वी पेत्र तीनदा नाकारील, हे शब्द त्या रात्री उच्चारले गेले आणि नाकारण्याच्या वेळेपर्यंत ते भूतकाळात जमा झाले होते. भूतकाळ तर बदलत नाही! चौदाव्या शतकात विल्यम ऑफ ओकम याने यावर जे सुचवले त्याचा आशय असा की, भूतकाळातील काही सत्ये नावापुरती भूतकाळातील असतात; त्यांचा आधार पुढे घडणाऱ्या गोष्टीत असतो. आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेणारे बालक आज जन्मले, हे विधान त्या दिवशीदेखील सत्यच होते. म्हणून टिळकांचा १८९५ चा निर्णय १८६१ मध्येच होऊन गेला होता, असे कोणी म्हणेल काय? उलट त्या विधानाचे सत्यच त्या निर्णयावर टेकलेले आहे. त्यांनी निराळे ठरवले असते, तर ते विधान आरंभापासून खोटे असते आणि देवानेही तसेच जाणले असते.

सोळाव्या शतकात स्पेनमधील येशूसंघीय लुईस दे मोलिना याने १५८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कईलाच्या प्रसंगाचा आधार घेऊन असे मांडले की, कोणता मनुष्य कोणत्या परिस्थितीत आपखुशीने काय करील, हे देव जगाच्या उत्पत्तीपूर्वी जाणतो आणि त्या ज्ञानाच्या प्रकाशात जगाची योजना करतो. डोमिनिकन संघाच्या विद्वानांनी यास कडाडून विरोध केला. रोममध्ये अनेक वर्षे चर्चा झाल्या आणि अखेर १६०७ मध्ये पाचव्या पौल पोपने कोणत्याही पक्षाला दोषी न ठरवता, एकमेकांना पाखंडी म्हणू नका अशी ताकीद देऊन वाद थांबवला. हा वाद चालू होता त्या काळात मोलिनाच्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात होते. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापून निघाले.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही मतभेद कमी नव्हते. कॅल्विनच्या मते देवाला भविष्य ठाऊक आहे, कारण ते त्याच्याच संकल्पाने येते. आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये आपली पाच कलमे मांडली आणि डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८-१९) ती अमान्य केली. पुढे इंग्लंडात वेस्ली आणि व्हाइटफील्ड हे दोघे जिवलग सहकारी याच प्रश्नावरून दुरावले. तरीही १७७० मध्ये व्हाइटफील्डच्या निधनानंतर त्याच्या स्मरणार्थ प्रवचन केले ते वेस्लीनेच. आपल्या मराठी मंडळ्यांना हा दुहेरी वारसा मिशनऱ्यांच्या हातून मिळाला. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन एका बाजूचे, मेथडिस्ट दुसऱ्या बाजूचे. त्यांच्या नातवंडांनी एकमेकांच्या घरात सोयरिकी केल्या आणि गायनाची पुस्तकेही वाटून घेतली. यात देवाची कृपाच दिसते.

अलीकडच्या काळात, १९९४ मध्ये, पाच सुवार्तावादी विद्वानांनी मिळून आणखी एक मत पुढे केले. जे जाणण्याजोगे आहे ते सर्व देव जाणतो. परंतु माणसाचे पुढचे स्वतंत्र निर्णय अजून अस्तित्वातच नाहीत, म्हणून ते जाणण्याचा प्रश्न येत नाही, असे ते म्हणतात. देव दुःखी होतो, मन बदलतो, ही वचने ते गांभीर्याने घेतात, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. परंतु पेत्राच्या नकाराची वेळ आणि संख्या ज्याने सांगितली, जिभेवर शब्द येण्यापूर्वीच जो तो जाणतो असे स्तोत्रकर्ता सांगतो (स्तोत्र १३९:४), त्याचे ज्ञान इतके आखूड करणे शास्त्राच्या एकूण साक्षीशी जुळत नाही, असे माझे मत आहे.

तारू, वादळ आणि खलाशी

मग आपण या दोन सत्यांना धरून जगावे कसे? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला प्रेषितांची कृत्ये याच्या २७ व्या अध्यायात दिसते. रोमकडे जाणारे तारू वादळात सापडले आहे. त्यावर दोनशे शहात्तर माणसे आहेत. देवाच्या दूताने पौलाला सांगितले आहे की, तुझ्याबरोबरचे सर्व जण वाचतील. आणि पौलाने ते सर्वांना जाहीरही केले आहे (२२-२५). वचन मिळाले, परिणाम निश्चित झाला. यानंतर काही खलाशी नांगर टाकण्याचे निमित्त करून होडी खाली सोडून पळू पाहतात. तेव्हा तोच पौल शताधिपतीला सांगतो की, हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही (३१). शिपाई दोऱ्या कापतात, होडी वाहून जाते, खलाशी तारवावर राहतात, पौल सर्वांना जेवायला लावतो, गहू समुद्रात टाकून तारू हलके करतात, आणि शेवटी कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, सारे किनाऱ्याला लागतात.

पौलाला या दोन वाक्यांत विसंगती वाटली नाही. देवाने शेवट सांगितला होता, आणि त्या शेवटाकडे जाणारी वाट खलाशांच्या हातांतून, शिपायांच्या तलवारीतून व पौलाच्या सावधगिरीतून जात होती. वचनाने त्यांचे हात सैल पडले नाहीत. वचनामुळेच चौदा दिवसांच्या उपासमारीनंतर त्यांना जेवण गेले. प्रार्थनेचेही असेच आहे. तुम्ही मागण्यापूर्वीच तुमची गरज तुमच्या पित्याला ठाऊक आहे, असे प्रभूने सांगितले (मत्तय ६:८). आपण यावरून 'मग मागायचे कशाला?' असा निष्कर्ष काढला असता. प्रभूने काढलेला निष्कर्ष पुढल्याच वचनात आहे: म्हणून तुम्ही अशी प्रार्थना करा. उशाशी बसलेल्या आईची प्रार्थना देवाच्या ज्ञानाबाहेरची नाही. तीही त्याने आधीच ऐकलेली आहे, आणि जे करायचे ते तो ती ऐकून करतो.

ज्याचे पाय धुतले

सर्वांत कठीण भाग अजून शिल्लक आहे. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेरील एका मराठी मंडळीत अभ्यासवर्ग चालू असताना एका विधवा भगिनीने मला विचारले, "माझा नवरा पिऊन पिऊन मरणार आणि मुले उघडी पडणार, हे देवाला ठाऊक होते ना? मग आमच्या लग्नात पाळकसाहेबांनी दिलेला आशीर्वाद खरा होता की नुसता म्हणायचा म्हणून म्हटला?" वर्ग एकदम स्तब्ध झाला. तिच्या प्रश्नापुढे ओकम आणि मोलिना दोघेही अपुरे होते. देवाचे ज्ञान बिनचूक आहे की नाही, याविषयी तिला शंका नव्हती. सारे ठाऊक असताना देवाने आमच्यावर मनापासून प्रीती केली काय, हे तिला जाणून घ्यायचे होते.

आम्ही तेव्हा योहानाचा १३ वा अध्याय उघडला. आपल्याला धरून देणारा कोण हे येशूला ठाऊक होते, असे योहान तेथे आवर्जून सांगतो (११). आणि यहूदा घास घेऊन बाहेर गेला तो पाय धुतल्यानंतर (३०). म्हणजे प्रभूने कंबरेला रुमाल बांधून ज्या चोवीस पावलांपुढे गुडघे टेकले, त्यांत ती दोन पावलेही होती. ती थोड्याच वेळात कोणत्या वाटेने जाणार हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने ती वगळली नाहीत, किंवा वरवर पाणी शिंपडले नाही. जे ठाऊक होते त्यामुळे त्याची प्रीती खोटी झाली नाही. आणि त्याच्या प्रीतीमुळे यहूदाचे दार बाहेरून बंद झाले नाही. त्या वेळी यहूदा 'प्रभू, माझे पाय नको' एवढे जरी म्हणाला असता! तो गप्प राहिला, आणि ते गप्प राहणे त्याचे स्वतःचे होते.

ज्याचे पुढले पाप ठाऊक आहे त्याला बोलवायचेच नाही, असा नियम प्रभूने केला असता, तर बारांपैकी एकही उरला नसता. कारण त्या रात्री सर्वच त्याला सोडून पळाले. पेत्रही उरला नसता. पेत्राविषयीही प्रभूला आधीच ठाऊक होते. त्याचे नाकारणे ठाऊक होते, तसेच त्याचे वळणेही ठाऊक होते. म्हणून तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर, असे काम त्याने त्याला पडण्यापूर्वीच सोपवले आणि त्याच्यासाठी आपण प्रार्थना केल्याचेही सांगितले (लूक २२:३२). कोंबडा आरवल्यावर पेत्र बाहेर जाऊन अतिदुःखाने रडला. 'तू तसे म्हणाला होतास म्हणून माझ्या हातून घडले,' असे तो म्हणाला नाही. भाकीत त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले होते, तरीही आपल्या नकाराचा धनी आपणच आहोत हे त्याला ठाऊक होते. या प्रश्नावरील सर्व ग्रंथांपेक्षा पेत्राचे ते रडणे मला अधिक विश्वसनीय साक्ष वाटते.

आणि यहूदाविषयीचे ते उद्गार? तेथे ग्रीक भाषेत 'ऊआय' असा एक उद्गारवाचक शब्द आहे. तो धिक्काराचा असू शकतो, तसा आक्रोशाचाही असू शकतो. संकटाच्या दिवसांत गरोदर असणाऱ्या व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांविषयी प्रभू बोलतो, तेव्हा तोच शब्द आहे (मत्तय २४:१९). आणि त्या माउलींचा तर काहीच दोष नव्हता. म्हणून यहूदासाठी उच्चारलेल्या त्या शब्दात न्यायाबरोबर हंबरडाही ऐकू येतो, असे मला वाटते. जो आधी जाणतो, तो दुःखही आधीच सोसतो.

त्या भगिनीला तिच्या नवऱ्याच्या मरणाचे कारण मी सांगू शकलो नाही. ते सांगणे कोणाच्याही अधिकारातले नाही. ज्याने शेवटी नकार दिला त्याला देवाने निर्माणच का केले, या प्रश्नाच्या तळाशी आपला गळ पोहोचत नाही. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायाच्या अखेरीस पौलही तेथे वाद थांबवून स्तवन करू लागतो. परंतु दोन गोष्टी तिला निःशंकपणे सांगता आल्या. लग्नातला आशीर्वाद खरा होता, कारण पाय धुणाऱ्याचे हात खरे होते. आणि बाटली उचलणारा हात देवाचा नव्हता. देव कोणाला पापाच्या मोहात पाडत नाही, असे याकोब स्वच्छ सांगतो (याकोब १:१३).

प्रिय वाचकहो, देवाला उद्या ठाऊक आहे हे आपल्या हातातल्या आजचे ओझे काढून घेणारे सत्य नव्हे. आजचे काम निर्भयपणे करू देणारे सत्य आहे. ज्याला क्षमा मागायची आहे त्याने ती आज मागावी. ज्याला व्यसन सोडायचे आहे त्याने कपाळाकडे बोट न दाखवता मदतीसाठी हात पुढे करावा. दुःखाच्या घरी जाताना 'वेळ आली होती' या शब्दांऐवजी थोडा वेळ शांत बसण्याची तयारी घेऊन जावे. आणि ज्याच्यासाठी आपण वर्षानुवर्षे प्रार्थना करीत आहोत, त्याचा शेवट ठरून गेला आहे असे समजून ती सोडू नये. तारवावरची माणसे हाताला लागली ती फळी धरून किनाऱ्याला पोहोचली. आपल्यालाही तसेच पोहोचायचे आहे. किनारा ज्याला ठाऊक आहे, त्याच्यावर भरवसा ठेवून हात मारीत राहू या.